सरकारी प्याला : बोरघाटाच्या वाटेवरची पलटण आणि दारू

सन १८०३ च्या सुरुवातीला आर्थर वेलस्ली म्हैसूरकडून पुण्याच्या रोखाने निघण्याची तयारी करत होता. वसईच्या तहाने दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला आला होता आणि त्याला पुन्हा गादीवर बसवायचे काम या फौजेवर होते. पुण्याला पोचल्यावर आपल्या गोऱ्या सैनिकांना काय खायला-प्यायला मिळणार, याची वेलस्लीला लढाईइतकीच काळजी. त्याने मुंबईकडून मागितलेल्या सामानाची यादी त्याच्या पत्रव्यवहारात आहे, आणि हे सामान पनवेलला कोठारात तयार हवे, असे त्याचे सांगणे होते. खारवलेले मांस ९०,००० पौंड, प्रत्येक पिंपात ५४ पौंड. तितक्याच वजनाची बिस्किटे, गोल टोपल्यांत, टोपलीला ६० पौंड, वर मेणकापड. आणि अरक, म्हणजे गाळलेली दारू, १०,००० गॅलन. सहा-सहा गॅलनची पिंपे, लोखंडी पट्ट्यांनी चांगली आवळलेली. हिशेब केला तर ही पिंपे सोळाशेच्या वर जातात. बैलाच्या पाठीवर दोन बाजूंना एकेक लटकवता येईल असे हे माप आहे, आणि दगडावर आपटले तरी फुटू नये म्हणून पट्ट्या आहेत. पनवेलच्या बंदरातून चौक, खालापूर, खोपोली आणि मग बोरघाट, ही त्या पिंपांची पुढची वाट. तोफा घाटावर चढाव्यात म्हणून याच काळात वेलस्लीने त्या वाटेच्या दुरुस्तीतही लक्ष घातले होते.

ही यादी नीट वाचण्यासारखी आहे, कारण तिच्यात दारू चैनीची वस्तू म्हणून येत नाही. ती मांस-बिस्किटांच्या ओळीत, त्याच कारकुनी काटेकोरपणाने येते. सैनिक आणि दारू यांच्या नात्याविषयी आपण बोलतो तेव्हा बहुधा माणसाकडे बोट दाखवतो : घरापासून लांब, जीव टांगणीला, संगत वाईट, म्हणून पितो. हे सगळे खरेही असते. पण मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या पलटणींचा एकोणिसाव्या शतकातला इतिहास पाहिला की क्रम उलटा दिसतो. दारू आधी सरकारच्या यादीत आली, मग सैनिकाच्या सवयीत, आणि शेवटी इस्पितळाच्या वहीत. व्यसन लागायला माणूस लागतो हे कबूल. पण शेकड्यांनी माणसे एकाच वेळी, एकाच रीतीने व्यसनी होतात तेव्हा पुरवठा कोणाचा होता हा प्रश्न आधी विचारायला हवा.

खोपोली तेव्हा घाटपायथ्याचे मुक्कामाचे ठिकाण होते. नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि शेजारचे शंकराचे देऊळ घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्यांच्या सोयीचे होते. कोकणातून देशावर जाणाऱ्या फौजांना हा पायथा टाळता येत नसे. १७७८ च्या अखेरीस रघुनाथरावाला घेऊन निघालेली इंग्रजी फौज याच मार्गाने वर गेली, १९,००० बैलांचे लटांबर सांभाळत दिवसाला मैल-दोन मैल सरकली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांच्या हाती सापडली. पेशवाई बुडाल्यावर पुणे आणि खडकी ही मोठी लष्करी ठाणी झाली. विलायतेहून मुंबईला उतरलेली पलटण मचव्यांनी पनवेलला यायची आणि तिथून पायी घाट गाठायची. गव्हर्नर जॉन माल्कमने नोव्हेंबर १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला, १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत आली, आणि त्यानंतरही काही वर्षे प्रवासी, पलटणी, सामान, सगळे खोपोलीला उतरून पुढचा चढ रस्त्यानेच चढत होते. म्हणजे साठ वर्षे पुण्याच्या छावणीला लागणारी रसद बहुतांशी या पायथ्यावरून वर गेली. तिच्यात अरक आणि पुढे रम होतीच.

छावणीत या दारूचे काय होई, ते समजून घेतले पाहिजे. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या शिपायाला रोज ठराविक वेळी, ठराविक मापाने दारू मिळे. त्या मापाला ड्राम म्हणत. मोहिमेवर ती शिध्याचा भाग म्हणून, छावणीत पलटणीच्या कँटीनमधून पैसे देऊन. बाहेरच्या गुत्त्यांवर बंधने होती. बाजारातली दारू घातक आणि भेसळीची असते, म्हणून सैनिकाने आतलीच प्यावी असा विचार होता. विचार अगदीच चुकीचा नव्हता. पण त्याचा परिणाम असा झाला की वीस वर्षांचा पोरगा आयर्लंडहून किंवा लंडनच्या गल्लीतून इथे आला की पहिल्या आठवड्यापासून त्याच्यापुढे रोजचा प्याला यायचा, तोही सार्जंटच्या नजरेसमोर आणि सरकारी मापाने. उन्हाळ्यात सकाळची कवायत आटोपली की दिवसभर बराकीत पडून राहायचे. ऊन बाधेल म्हणून बाहेर पडायला मनाई. वाचायला-खेळायला फारसे काही नाही, लग्नाला परवानगी मूठभरांनाच. अशा दिवसात दारूची वेळ हीच काय ती घटना. आणि जो ठरलेल्या मापावर थांबे त्याला पलटण संयमी समजे. रोज मद्य पिणारा माणूस ज्या हिशेबात निर्व्यसनी ठरतो, त्या हिशेबात व्यसनी कोणाला म्हणायचे याची रेघ फार उशिरा ओढली जाते : माणूस पहाऱ्यावर झिंगलेला सापडला, वरिष्ठावर हात उगारला किंवा त्याला नसलेले प्राणी भिंतीवर दिसू लागले, की मग. पहिल्या दोघांना शिक्षा होई. तिसऱ्याला इस्पितळ.

मुंबईत कुलाब्याला कंपनीचे वेड्यांचे इस्पितळ होते. तिथल्या युरोपियन रोग्यांत साधे सैनिक बरेच असत आणि त्यांच्या आजाराच्या कारणांत दारू वारंवार नोंदली जाई. जे सुधारत नसत त्यांना जहाजात घालून इंग्लंडला पाठवत. लंडनच्या हॅकनी भागात पेम्ब्रोक हाउस नावाचे गृह कंपनीने १८१८ पासून अशा लोकांसाठी वापरले. डॉक्टरांची भूमिका या सगळ्यात विचित्र होती. तेच लोक एका हाताने दारूने वेडा झालेला सैनिक भरती करून घेत आणि दुसऱ्या हाताने ताप, पटकी, दमट हवा यांवर उतारा म्हणून दारूचा डोस लिहून देत. थोडी दारू पोटात असली की रोग जवळ येत नाही, ही त्या काळातल्या वैद्यकातली सर्वमान्य गोष्ट होती. सरकारी प्याल्याला शास्त्राचा शिक्का असा मिळाला, आणि तो पुसायला दोन पिढ्या लागल्या.

१८५७ चे बंड मोडल्यावर कंपनीचे राज्य गेले आणि राणीच्या सरकारला हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेची संख्या वाढवावी लागली. तेव्हा खर्चाचा हिशेब उघडा पडला. दिल्लीवरच्या हल्ल्यानंतर सप्टेंबर १८५७ मध्ये शहरात शिरलेले सैनिक लुटलेल्या दारूवर असे तुटून पडले होते की सेनापती आर्चडेल विल्सनला दारूचे साठे फोडून टाकण्याचा हुकूम द्यावा लागला. ऐन लढाईत फौज निकामी होण्याची पाळी आली होती, आणि ती शत्रूमुळे नव्हे. १८५९ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करून १८६३ मध्ये अहवाल दिला. गोऱ्या सैनिकांचा मृत्यूदर दर वर्षी हजारी ६९ होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिंदुस्थानात कधी आली नाही, पण ठाण्याठाण्यांहून आलेली उत्तरे तिने चाळून काढली आणि त्यांवर स्वतंत्र टिपण लिहिले. नासके पाणी, तुंबलेली गटारे, कोंदट बराकी यांच्या जोडीला तिने कँटीनमधल्या दारूला धरले. सगळे मृत्यू दारूने झाले असे तिने म्हटले नाही, कोणी म्हणूही नये; ताप, हगवण, पटकी, यकृताचे विकार यांनी माणसे मरत होती. पण जे यकृत रोज दारू झेलते त्यावर हगवणीचा घाला पडला तर काय होते, हे समजायला आयोग लागत नाही. योगायोग असा की त्याच १८६३ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या हस्ते बोरघाटाच्या रेल्वेचे उद्घाटन झाले. पुण्याच्या छावणीला जाणारी पलटण आता घाट पायी चढणार नव्हती, पिंपांनाही बैलांची पाठ लागणार नव्हती. पुरवठा सोपा झाला त्याच वर्षी पुरवठ्यावर पहिला मोठा सरकारी ठपका आला.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ही माणसेच तशी होती, असे म्हटले जाते. इंग्लंडच्या फौजेत तेव्हा गरिबीने गांजलेले, गुन्ह्यातून सुटू पाहणारे, गुत्त्यात भरती झालेले लोक येत. दारू त्यांनी सोबत आणली, सरकारने फक्त व्यवस्था लावली. वेलस्लीनेच, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाल्यावर उतारवयात, आपले शिपाई दारूपायीच भरती झाले होते अशा अर्थाचे बोलून ठेवले आहे. ज्याने पनवेलला दहा हजार गॅलन मागवून ठेवले त्याच्या तोंडी हे वाक्य शोभते की नाही, हे वाचकाने ठरवावे. पण आक्षेपाला उत्तर द्यायचे तर एकच कसोटी आहे : माणसे तीच ठेवून पुरवठा आणि रिकामा वेळ बदलला तर काय होते? हा प्रयोग हिंदुस्थानात प्रत्यक्ष झाला. जे. जी. ग्रेगसन या बाप्तिस्त मिशनऱ्याने १८६२ मध्ये आग्र्याला सैनिकांची दारूबंदी संघटना काढली. सुरुवातीला तिच्याकडे अधिकारी हसून पाहत. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ हिंदुस्थानचा सरसेनापती होता. त्याने वेगवेगळ्या पंथांच्या विखुरलेल्या संघटना एकत्र केल्या आणि फौजेचा हात या एकत्रित संघटनेच्या पाठीवर ठेवला. बराकीजवळ बसायला खोल्या, चहा-कॉफी, वर्तमानपत्रे, खेळ. आणि ठराविक काळ दारू न पिणाऱ्याला पदक. कँटीनमध्ये कडक दारूची जागा हळूहळू बिअरने घेतली, मरी आणि कसौलीच्या बिअर-कारखान्यांना त्याचा चांगला फायदा झाला, तो भाग वेगळा. रॉबर्ट्सने आपल्या आठवणींत लिहिले आहे की तो देश सोडून गेला तेव्हा हिंदुस्थानातल्या सुमारे ७०,००० गोऱ्या सैनिकांपैकी जवळजवळ एक तृतीयांश या संघटनेचे सभासद किंवा मानद सभासद होते. मानद हा शब्द घसरडा आहे, तो वगळून आकडा कमी धरू. तरीही भरतीचा वर्ग तोच, उन्हाळा तोच, घरापासूनचे अंतर तेच. बदलली ती व्यवस्था. जन्मजात दारुड्यांची फौज असती तर तीस वर्षांत एवढा फरक पडला नसता.

दुसरा आक्षेप हवेचा : इथल्या उन्हात दारूशिवाय माणूस टिकत नाही. तो याहून लवकर निकालात निघतो. त्याच छावण्यांत, त्याच उन्हात मुंबई इलाख्याचे देशी शिपाई होते. रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतले आणि देशावरचे मराठे, महार, इतर जातींचे लोक. त्यांना गोऱ्यांसारखा रोजचा बांधलेला प्याला नव्हता, आणि त्यांचा मृत्यूदरही गोऱ्यांच्या मानाने बराच कमी होता. या भूमीच्या रोगांशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख होती, म्हणून मृत्यूच्या आकड्याचे सगळे श्रेय दारूच्या अभावाला देता येत नाही. पण उष्ण हवेत माणूस दारूशिवाय टिकत नाही, हा दावा मात्र त्या शिपायांनी रोज कवायतीच्या मैदानावर उभे राहून खोटा पाडला.

या खटल्यात इंग्रजच आरोपी आहेत असे वाटू नये. पेशवाईत, विशेषतः सवाई माधवरावाच्या काळात, पुण्यात दारूवर कडक बंदी होती. पण तोफखान्यात चाकरीला असलेल्या फिरंगी, ख्रिस्ती गोलंदाजांना त्यातून सवलत होती. त्यांनी आपल्यापुरती दारू गाळावी, इतरांना विकू नये. म्हणजे दारू ही अधर्म मानणाऱ्या राज्यानेही लष्करी गरज दिसताच दरवाजा किलकिला ठेवला. फरक प्रमाणाचा आणि हेतूचा. पेशव्यांनी परक्याच्या सवयीला मुभा दिली. कंपनीने आपल्याच माणसांची सवय घडवून तिच्या पुरवठ्याचे खाते उघडले.

या गोष्टीची दुसरी बाजू पुन्हा खोपोलीच्या परिसरात आणून सोडते. ज्या सरकारने सैनिकाच्या प्याल्याची काळजी वाहिली तेच घाटाखालच्या कातकरी, ठाकूर, आगरी यांच्या दारूकडे मात्र महसुलाच्या डोळ्याने पाहत होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावचे गाळप जवळजवळ बंद करून मोहाची दारू उरणच्या भट्ट्यांतून आणि मक्तेदारांच्या दुकानांतून घ्यायला लावले. ताडीच्या झाडावरचा कर वाढला. १८८६ च्या सुमारास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत जातीच्या बैठका बसल्या आणि दारू न पिण्याच्या शपथा घेतल्या गेल्या. कारण साधे होते : महाग झालेली, सरकारी मक्त्याची दारू कोणी प्यावी? अधिकाऱ्यांना यात नैतिक सुधारणा दिसली नाही, महसुलाविरुद्धची चळवळ दिसली. रॉबर्ट्सच्या फौजेत दारू सोडणाऱ्याच्या छातीवर पदक लागत होते आणि त्याच वर्षांत कुलाब्यातल्या आगऱ्याने शपथ घेतली तर साहेबाच्या कपाळाला आठी पडत होती. पुढे १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहफुलांचा कायदा झाला. झाडाखाली पडलेले फूल वेचणे, बाळगणे, नेणे यावर बंधन आले. कर्जत तालुका वर्षभरापूर्वीच, १८९१ मध्ये, ठाण्यातून कुलाब्यात आला होता. खालापूर त्याचाच पेटा. मार्च-एप्रिलमध्ये कातकरणीने टोपलीत गोळा केलेली पिवळसर फुले गुन्ह्याचा मुद्देमाल ठरू शकत होती. ती फुले भाजून खाल्ली जातात, गुरांना घालतात, याची दखल कायद्याला फारशी नव्हती. तेव्हा दारूविषयी सरकारचे धोरण एकच होते असे म्हणण्यात अर्थ नाही. सैनिकाची दारू शिस्तीचे साधन म्हणून आत ठेवली, रयतेची दारू उत्पन्नाचे साधन म्हणून मक्त्याला दिली. दोन्ही ठिकाणी माप सरकारच्या हातात.

स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न कोर्टात उभा राहिला. मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला आणि एप्रिल १९५० पासून संपूर्ण बंदी आली. कुलाबा जिल्हा त्यातून सुटला नाही. घाटाच्या ओहोळांत हातभट्ट्या लागू लागल्या, आणि पहिल्या धारेच्या गोष्टी तिथूनच सुरू झाल्या. पण लष्कराच्या मेस आणि कँटीन यांना सूट देण्याची तरतूद कायद्यातच होती. एफ. एन. बलसारा यांनी या कायद्याला आव्हान दिले तेव्हा इतर अनेक मुद्द्यांबरोबर हाही मुद्दा होता : सगळ्यांना बंदी आणि सैनिकाला सूट, हा समानतेचा भंग नाही का? २५ मे १९५१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सूट ग्राह्य धरली. सशस्त्र दलांची स्वतःची परंपरा आणि जगण्याची वेगळी रीत असते, त्यांचा वेगळा वर्ग मानणे अवाजवी नाही, असा त्यामागचा विचार. कायद्याच्या दृष्टीने तो पटण्यासारखा आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र एवढे लक्षात ठेवावे लागते की जिला परंपरा म्हटले ती कोठार, पिंपे, ड्राम आणि कँटीन यांच्या वहीतून तयार झाली होती. ती भारतीय जवानाच्या घरातून आली नव्हती. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धांत रमचा शिधा देशी पलटणींतही रुजला. १९४२ मध्ये उभे राहिलेले कँटीन खाते १९४८ पासून स्वतंत्र भारताच्या फौजेचे झाले आणि त्याचे मुख्यालय मुंबईतच राहिले.

शेवटचा आक्षेप सध्याच्या फौजेकडून येतो आणि तो सगळ्यांत सहानुभूतीने ऐकायला हवा. हिमशिखरावर पहारा देणाऱ्याला घोटभर रम नाकारणारे तुम्ही कोण? थंडी, कंटाळा, भीती, दोस्ताचा मृत्यू; यात रमची ती संध्याकाळ माणसाला माणसाजवळ आणते. ऊब येते हा समज मात्र शरीरशास्त्राने खोडून काढला आहे : दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटते आणि आतली उष्णता उलट लवकर निघून जाते. उरते ती सोबत, आणि सोबतीची गरज खरी आहे. ग्रेगसन-रॉबर्ट्सच्या काळातला धडा नेमका याच गरजेविषयी आहे. त्यांनी प्याला काढून घेतला तेव्हा त्याच्या जागी बसायला खोली, बोलायला माणूस आणि संध्याकाळी करायला काहीतरी दिले. जिथे नुसती बंदी आली तिथे सैनिक बाजारच्या गुत्त्यात गेला, हे कँटीनचे समर्थक शंभर वर्षांपूर्वी सांगत होते आणि त्यात ते खोटे नव्हते. म्हणून प्रश्न रम द्यावी की देऊ नये, एवढा सोपा राहत नाही. आज फौजेत दारूच्या व्यसनाला आजार मानतात. जवानाची प्रकृती ज्या पाच घटकांवर तपासून श्रेणी ठरवली जाते त्यांतल्या मानसिक घटकाखाली त्याची नोंद होते, मनोविकार विभागात उपचार होतात, काही काळ देखरेख असते, पुन्हा घसरला तर नोकरी धोक्यात येते. उपचाराची ही सोय वेलस्लीच्या सैनिकाला नव्हती. पण नोंद होते ती जवानाच्या नावावर. त्याला महिन्याला किती बाटल्यांचा कोटा होता, पलटणीच्या कोणत्या संध्याकाळी न पिणारा वेगळा पडत होता, कोणत्या ठाण्यावर खेळायला मैदान नव्हते, हे त्या कागदावर कुठे येत नाही. निवृत्तीनंतर गावी आलेल्या फौजीचा कोटा चालूच राहतो, आणि कँटीनची बाटली गावात भेट म्हणून, मजुरी म्हणून, कधी मतासाठीही फिरते. नाइटिंगेलने ठाण्याठाण्याची उत्तरे मागवली होती ती अशाच प्रश्नांची : पाणी कुठून येते, बराकीत माणशी जागा किती, कँटीनमध्ये काय विकले जाते. व्यसनी जवानाच्या फाइलीसोबत त्याच्या ठाण्याचीही अशी एक फाइल काढली, तर वैद्यकीय मंडळापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाची बाजू निदान पूर्ण ऐकली जाईल.